या वयात आईला भूल सोसेल का?

प्रश्न थोडक्यात असा. आई ७६ वर्षांची. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या गावी न्हाणीत घसरून पडली, उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सध्या मिरजेत एका दवाखान्यात दाखल आहे. बीपी आहे, साखर आहे, सहा वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात, उद्या-परवा ऑपरेशन करून टाकू. मामा म्हणतात, या वयात भूल सोसणार नाही, पायाला वजन लावून झोपवून ठेवा. बहिणीचं म्हणणं, पुण्याला हलवू. आणि मुलाचा प्रश्न, भूल सोसेल का, आणि दवाखान्याला आम्ही नेमकं विचारायचं तरी काय?

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत मी बरीच वर्षं भूल देतोय. खुब्याचं हाड मोडलेल्या आज्या हे आमचं रोजचं काम आहे. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे अंतिम निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण माझं मत विचाराल तर ऑपरेशन करा, आणि शक्यतो दाखल झाल्यापासून दोन दिवसांच्या आत करा. पुण्याचं नंतर सांगतो.

आधी मामांबद्दल. त्यांची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं ऑपरेशनच्या टेबलावर क्वचित जातात. जातात ती पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत. परदेशातल्या नोंदी पाहिल्या तरी अशा फ्रॅक्चरनंतर वर्षभरात पाचातला एक किंवा थोडे जास्तच रुग्ण दगावतात, आणि त्यातले बहुतेक न्यूमोनिया, हृदयविकार, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुफ्फुसात जाणं, जखमा चिघळणं असल्या कारणांनी. वजन लावून सहा आठवडे उताणं पडून राहणं म्हणजे या सगळ्यांना आमंत्रण. शिवाय मांडीच्या हाडाच्या मानेला फ्रॅक्चर असेल तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच अनेकदा तुटलेला असतो. ते हाड आपोआप जुळायची आशा या वयात धरू नये. आजीला उठवून बसवणं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करणं, हा तिचा खरा इलाज. भूल आणि ऑपरेशन ही तिथवर नेणारी वाट आहे. आणि हो, हाडवैद्याकडून मालीश करून आणण्याचा विचार घरात कोणी मांडत असेल तर तो तिथेच थांबवा.

आता रक्त पातळ करायची गोळी. ती कुठली, यावर सगळं ठरतं. नुसती ॲस्पिरिन असेल तर ती सहसा चालूच ठेवतात आणि पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायलाही तिची आडकाठी नसते. क्लोपिडोग्रेल असेल तर पाठीतल्या भुलीसाठी ती पाच ते सात दिवस बंद असावी लागते, नाहीतर मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडण्याचा धोका, अगदी क्वचित का होईना, असतो. म्हणून काही ठिकाणी आठवडाभर थांबायला सांगतात. मला ते पटत नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरला आठवडा थांबवण्यापेक्षा पूर्ण भूल देऊन वेळेत ऑपरेशन करणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. ‘पूर्ण भूल म्हणजे जास्त धोका’ हा समज लोकांत आहेच, काही डॉक्टरांतही आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक अमेरिका-कॅनडातला १६०० रुग्णांचा आणि एक चीनमधला साडेनऊशे रुग्णांचा. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये पाठीतली भूल की पूर्ण भूल, अशी थेट तुलना. पहिल्यात साठ दिवसांनी मृत्यू किंवा चालता न येणं याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, १८ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्यात ऑपरेशननंतर भ्रम होण्याचं प्रमाणही दोन्हीकडे सारखंच. तेव्हा कुठली भूल यावर घरात भांडू नका. स्टेंटच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. कागद घेऊन जा आणि विचारा. पाठीतल्या इंजेक्शनने आयुष्यभर कंबर दुखते, हा समजही सोडून द्या. सुई पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू जिथे संपते त्याच्या खाली टोचतात आणि ती केसासारखी बारीक असते. काही जणांचं पुढचे काही दिवस डोकं दुखतं, ते खरं.

पाठीतल्या भुलीसाठी रुग्णाला कुशीवर वळवावं किंवा बसवावं लागतं, आणि मोडलेल्या खुब्यावर ते म्हणजे छळ. त्यासाठी आधी मांडीच्या वरच्या बाजूला, जांघेजवळ, नसेभोवती बधिर करायचं औषध देता येतं. खरं तर हा ब्लॉक दाखल झाल्या दिवशीच दिला तर दोन दिवस कण्हत काढायची वेळ येत नाही. ‘आईला दुखण्यासाठी ब्लॉक देता येईल का’ हे जरूर विचारा. न विचारता तो सगळीकडे मिळतोच असं नाही.

पुढचा अडसर म्हणजे ‘फिटनेस’. फिजिशियनने सही केली की आई सुरक्षित, असं नातेवाईक धरून चालतात. त्या कागदाचा उपयोग इतकाच, की साखर, बीपी, क्षार, रक्त यांपैकी काय दुरुस्त करता येण्याजोगं आहे ते कळतं. सोडियम फार खाली असेल, रक्त कमी असेल, छातीत पाणी असेल तर ते आधी सावरायचं. टू-डी इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, यंत्र दुसऱ्या दवाखान्यात आहे आणि डॉक्टर शनिवारीच येतात, म्हणून बुधवारची केस शनिवारवर ढकलणं मला मान्य नाही. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर झडपेचा आवाज येत असेल, चालताना दम लागत असेल, चक्कर येऊन पडली असेल तर इको हवाच, आणि त्याच दिवशी हवा. ‘घसरून पडली’ असं सगळेच सांगतात. नेमकं विचारा तिला: पाय घसरला की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली? यातून हृदयाचं दुखणं सापडतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. माझ्या मते निम्मी सुरक्षितता इथेच आहे. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी येऊन आईला भेटला पाहिजे. न आल्यास मागणी करा. छोट्या दवाखान्यांत आम्ही बाहेरून येतो, एका ठिकाणची केस संपली की दुसरीकडे जातो, आणि कधीकधी रुग्णाची पहिली भेट थेट थिएटरच्या दारात होते. त्या पाच मिनिटांत आजी सगळ्याला ‘न्हाई, काय न्हाई’ म्हणते. खरी माहिती सुनेकडे असते.

मिश्री लावते का, हे विचारलं की मुलगा हमखास म्हणतो, ‘सोडली की!’ सोडलेली नसते. आमच्या भागात बायकांच्या मिश्रीला घरात कोणी व्यसन मानतच नाही, त्यामुळे ती सांगितलीही जात नाही. ती तंबाखूच आहे, आणि जखम भरण्याशी व हृदयाशी तिचा संबंध आहे. ऑपरेशनच्या सकाळी आजी गुपचूप बोट फिरवते आणि ती मिश्री तोंडात असताना आम्ही तिला झोपवतो, याची मला जास्त काळजी वाटते. पुरुष रुग्ण असेल तर गुटख्याचं सांगा. वर्षानुवर्षं गुटखा खाणाऱ्याचं तोंड अनेकदा दोन बोटंसुद्धा उघडत नाही, आणि पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घालताना हे ऐनवेळी कळणं म्हणजे मोठं संकट. आधी कळलं तर त्याची तयारी करता येते. कवळी, हलणारे दात, पूर्वीच्या भुलीत घरच्या कोणाला झालेला त्रास, औषधाची ॲलर्जी, झोपेत मोठ्याने घोरणं, हे सगळं सांगायचं.

आणि पुडी. गुडघे दुखतात म्हणून आठवडी बाजारातून किंवा कुठल्याशा वैद्याकडून आणलेली बिननावाची पुडी वर्षभर चालू असते. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन् महिने घेतलेल्या माणसाचं शरीर ऑपरेशनच्या ताणात स्वतःचं स्टिरॉइड पुरेसं बनवत नाही आणि बीपी कोसळतं. कळलं असेल तर एका इंजेक्शनने निभावतं. पुडी रिकामी असली तरी घेऊन या. रागावणारे डॉक्टर भेटले तर दुर्लक्ष करा. साखरेच्या गोळ्यांमध्ये डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव दिसलं तर मुद्दाम दाखवा. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी या गोळ्या तीन दिवस बंद ठेवतात. तुमच्याकडे तेवढी सवड नाही, पण मग रक्तातले कीटोन तपासून नजर ठेवता येते. साखर नॉर्मल दिसत असूनही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका या गोळ्यांत असतो, म्हणून फक्त ग्लुकोमीटरवर विसंबता येत नाही.

उपासाबद्दल दोन्ही टोकांच्या गोष्टी पाहतो. एक, ‘अर्धा कपच चहा दिला’. दुधाचा चहा पोटात जेवणासारखाच धरायचा, सहा तास. तळलेलं, मटण वगैरे असेल तर आठ. भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. हाड मोडल्यावर आणि वेदनाशामकांवर पोट आणखी हळू रिकामं होतं, म्हणून शेवटचं काय आणि कधी खाल्लं ते मिनिटांनिशी खरं सांगा. लपवलं की केस पुढे ढकलण्यापेक्षा वाईट घडतं. दुसरं टोक असं की रात्री बारापासून पाणीसुद्धा नाही, आणि केस लागते दुपारी तीनला. साखरेच्या आजीला पंधरा तास कोरडं ठेवण्यात काही शहाणपण नाही. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. मात्र हे भूलतज्ज्ञाला विचारून, त्यांच्या वेळेनुसार. केस पुढे गेली की नर्सला जाऊन विचारायचं, ‘आता पाणी देऊ का?’

थिएटरच्या आत काय चालतं हे नातेवाइकांना दिसत नाही, पण तिथली एक गोष्ट माहीत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सर्जरीसाठी १९ कलमांची एक तपासयादी काढली. भूल देण्याआधी, चिरा मारण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी अशा तीन वेळा सगळ्यांनी थांबून ती मोठ्याने वाचायची. रुग्ण कोण, बाजू कुठली, ॲलर्जी आहे का, रक्त लागलं तर तयार आहे का, प्रतिजैविक चिरा मारण्याआधीच्या तासाभरात गेलं का, शेवटी गॉज आणि सुया मोजून पुऱ्या भरल्या का. जगभरातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे काही ठिकाणी तसा फायदा दिसला नाही, आणि त्याचं कारण मला आमच्याच थिएटरांत दिसतं. कागदावर टिकमार्क होतात, थांबत कोणी नाही.

आमच्याकडे ती यादी किती गरजेची आहे ते पाहा. एकाच दिवशीच्या ऑपरेशनांत दोन पाटील आज्या असणं यात काहीच विशेष नाही. दोघी सत्तरीच्या, दोघींचा खुबा, एकीचा उजवा, एकीचा डावा. ‘पाटील आजी ना तुम्ही?’ असं विचारलं की दोघीही हो म्हणणार. म्हणून नाव तिच्याच तोंडून काढायचं, ‘आजी, नाव काय तुमचं? कुठल्या पायाचं ऑपरेशन?’ आणि पायावर पेनाची खूण वॉर्डातच, ती जागी असताना करायची. जतकडून आलेली आजी अनेकदा कन्नडच बोलते. मराठीत काहीही विचारलं तरी मान डोलावते. तिच्यासोबत कन्नड बोलणारं घरचं कोणी दारापर्यंत हवं. तुम्ही तुमच्या बाजूने एवढंच करा: आईला आत नेण्याआधी उजव्या मांडीवर खूण आहे का ते बघा. नसेल तर ट्रॉली थांबवा. कोणी चिडलं तर चिडू दे.

औषधांची गल्लत हा आमच्या व्यवसायातला दुसरा मोठा खड्डा. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून देतात. ते चुकून पाठीत गेलं तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. त्याची ॲम्प्यूल पाठीतल्या भुलीच्या औषधाच्या ॲम्प्यूलसारखी दिसू शकते आणि जगात अनेक ठिकाणी ही चूक झालेली आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर इशाराही दिला. दोन्ही औषधं वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवणं, ॲम्प्यूल फोडण्याआधी नाव मोठ्याने वाचणं, प्रत्येक सिरिंजवर चिठ्ठी लावणं, यापलीकडे त्यावर काही जादू नाही. मी ज्या थिएटरमध्ये चिठ्ठ्या दिसत नाहीत तिथे पहिली केस उशिरा सुरू करतो. मला त्यावरून नावं ठेवतात, ठेवोत.

तसंच सिमेंटचं. गोळा बदलताना हाडात सिमेंट भरलं जातं आणि त्या क्षणी काही रुग्णांचं बीपी व ऑक्सिजन धाडकन खाली येतो. सर्जनने ‘सिमेंट भरतोय’ असं मोठ्याने म्हणायचं आणि भूलतज्ज्ञाने तयार राहायचं, एवढाच त्याचा तोडगा. ज्या दवाखान्यात सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलतात तो दवाखाना चांगला, मग फरशी कशीही असो.

दवाखान्याला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन संपेपर्यंत टेबलाजवळच असतील ना? बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र कोविडपासून घरोघरी आहे, ते असेलच; श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ आहे का, हे विचारा. नळी चुकीच्या जागी गेली किंवा श्वास थांबला तर तो पुढच्या दोन-चार श्वासांत सांगतो. बोटावरचा आकडा पडायला मिनिटं लागू शकतात. लाइट गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो? २००५, २०१९, २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही. रक्ताच्या पिशवीची सोय कुठून? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या रात्री वॉर्डात डॉक्टर कोण आहे, आयसीयू त्याच इमारतीत आहे का, आणि फोन केल्यावर भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? उत्तरं गोलमाल आली तर मिरजेतच दुसरीकडे हलवा. १८९० च्या दशकात डॉ. वानलेस यांनी इथे रुग्णालय उभारलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचंच आहे, शिवाय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आहे. स्टेंटवाल्या पण दम न लागणाऱ्या आजीसाठी मोडलेला खुबा घेऊन पुण्यापर्यंतचे चार-पाच तास हादरे खायची गरज मला दिसत नाही. हृदयाची झडप फार अरुंद निघाली, किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल, तर गोष्ट वेगळी. खर्चाचं म्हणाल तर केस जनआरोग्य योजनेत बसते का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा. मंजुरीच्या कागदांसाठी ऑपरेशन लांबायला नको.

‘हाय रिस्क कन्सेंट’वर सही मागितली की लोक घाबरतात, डॉक्टर हात झटकतायत असं वाटतं. ७६ वय, स्टेंट, साखर ही जोखीम आहेच. ती लिहून न घेणारा डॉक्टर जास्त धोक्याचा. सही करण्याआधी विचारा, ‘नेमकी कसली जोखीम, आणि ती कमी करायला तुम्ही काय करणार आहात?’ उत्तर देता आलं पाहिजे.

ऑपरेशन झालं, सगळे फोन लावायला बाहेर पळतात, आणि नेमके ते पहिले काही तास खरे जोखमीचे. आईजवळ एक जागं माणूस बसवा. तिला जबरदस्तीने बोलतं करायचं नाही, पण श्वासाकडे लक्ष ठेवायचं. भुलीनंतर मोठ्याने घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण समजू नका. जीभ मागे पडून श्वास अडत असू शकतो. लगेच नर्सला बोलवा. ऑक्सिजनचा मास्क ‘तिला गुदमरतंय’ म्हणून काढू नका. सांगेपर्यंत पाणी, नारळपाणी काही नको. पायाची बोटं हलत नाहीत म्हणून पहिले तीन-चार तास घाबरू नका, पाठीतली भूल उतरायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतरही हलली नाहीत, किंवा एकदा हलून परत बंद झाली, तर मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आई कदाचित बरळेल. ओळखणार नाही, सलाईन उपटेल, गेलेल्या माणसांशी बोलेल. गावाकडे म्हणतात, ‘भूल डोक्यात गेली’. वयस्कर माणसांत खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर हा भ्रम फार वेळा दिसतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, कमी पडलेला ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, कमी-जास्त साखर, क्षारांचा घोळ, यांतलं काही ना काही त्यामागे असतं; ते शोधायला लावा. झोपेचं इंजेक्शन मागू नका, त्याने अनेकदा वाढतं. चष्मा आणि कानाचं यंत्र परत लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवे आणि गप्पा बंद. जवळ रोजच्यातलं माणूस ठेवा. पंधरा पाहुणे भेटायला आले तर त्यांना खालीच चहा पाजून परत पाठवा. हे काम मामांकडे द्या, त्यांचं कोणी मोडणार नाही.

गाठ होऊ नये म्हणून पोटात टोचायची रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं सुरू होतील, क्लोपिडोग्रेल बंद केली असेल तर तीही परत सुरू होईल. कुठलं केव्हापासून आणि किती दिवस, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्या. त्याच कार्डावर कुठली भूल दिली, नळी घालायला अवघड गेलं का, कुठल्या औषधाने त्रास झाला, हेही लिहून मागा. आणि हाडं ठिसूळ झाल्याचं औषध सुरू करायचं का, ते हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी जाऊ नका. एका खुब्यानंतर दुसरा मोडलेल्या आज्या आम्हाला नेहमी भेटतात.